विहारात एक बीपी मशीन हवं
वस्तीतल्या ज्येष्ठांच्या तब्येतीविषयी



१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर जे आईच्या कडेवर होते, ते आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. नामांतराच्या लढ्यात ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, त्यांचीही साठी उलटली. वस्तीत पहिला पंचशील ध्वज लावणारे, विहाराच्या पायाभरणीला डोक्यावरून घमेली वाहणारे, स्वतः अर्धपोटी राहून पोरांना शाळेत घालणाऱ्या आया, ही सगळी पिढी आता म्हातारी झाली आहे. जयंतीला आपण त्यांना शाल देतो, त्यांच्यासोबत फोटो काढतो. पण त्याच आजीची शुगर शेवटची कधी तपासली, असं विचारलं तर घरात एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

या वेळी आरोग्य पानावर आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांविषयी बोलू. घरात काय करायचं, सरकारकडून काय हक्काने घ्यायचं आणि विहाराने काय करायचं, या तिन्ही गोष्टी सांगते.

अंगावर काढायची सवय

आपले म्हातारे आजार लपवतात. त्याला कारण आहे. त्यांनी आयुष्यभर गिरणीत, सफाईत, बांधकामावर, नाक्यावर, दुसऱ्याच्या घरी धुण्याभांड्याला काम केलं. बहुतेकांना ना पगारी रजा होती ना पेन्शन. आजारी पडलं की खाडा, खाडा झाला की मजुरी बुडाली. त्यामुळे "काही नाही होत" म्हणत दुखणं अंगावर काढायची सवय हाडात मुरली. आता मुलाच्या कमाईवर जगताना त्यात संकोचाची भर पडते. नातवाच्या फीचे पैसे आपल्या औषधावर जायला नकोत, म्हणून आजी गोळी अर्धी तोडून दोन दिवस पुरवते.

बाबासाहेबांना मधुमेह होता. पायाच्या दुखण्याने ते बेजार असत आणि शेवटच्या वर्षांत दृष्टीही अधू झाली होती. ६५ व्या वर्षी ते आपल्यातून गेले. एवढ्या मोठ्या माणसाच्या घरात डॉक्टर आणि औषधं होती, माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या. म्हणून घरातल्या बाबांना हे जरूर सांगा की आजार सांगणं म्हणजे कुणावर भार टाकणं नव्हे. वेळेवर सांगितलं तर महिन्याच्या गोळ्यांत भागतं. लपवलं तर अर्धांगवायू होतो, आणि मग सगळं घरच बसतं.

बीपी आणि शुगर: दुखत नाही म्हणून नाही असं नाही

रक्तदाब वाढलेला असतो तेव्हा बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. तो मशीनवरच कळतो. वेगवेगळ्या दिवशी मोजून वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे येत असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. वरचा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे गेला, आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं असं काही असेल, तर सकाळची वाट बघू नका.

सगळ्यात जास्त गोंधळ गोळ्यांचा होतो. गोळी सुरू झाली, बीपी १३० वर आलं, की लोक म्हणतात, "आता नॉर्मल आहे, गोळी कशाला?" ते नॉर्मल गोळीमुळेच आहे. गोळी बंद केली की महिन्याभरात पुन्हा वर जातं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोळी बंद करायची नाही, अर्धी करायची नाही, आणि शेजारणीची गोळी तर मुळीच घ्यायची नाही. बीपी आणि शुगरच्या साध्या गोळ्या सरकारी दवाखान्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रात, पालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळतात. त्या संपायच्या आठ दिवस आधी आणून ठेवा. संपल्यावर जायचं म्हटलं की मधे चार दिवस खंड पडतो.

शुगरचं तसंच. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त आकडा दोनदा आला तर मधुमेह समजतात. दर तीन ते सहा महिन्यांनी 'तीन महिन्यांची शुगर' नावाची रक्ततपासणी करून घ्यावी. एका दिवशी उपाशी राहून चांगला आकडा दाखवता येतो, तीन महिन्यांचा नाही.

शुगर असलेल्या माणसाचे पाय घरातल्या कुणीतरी रोज बघायचे. तळवा, बोटांच्या बेचक्या, टाच. पायाला मुंग्या येऊन येऊन शेवटी जाणीव जाते. मग खिळा रुतला तरी कळत नाही, शेगडीजवळ पाय भाजला तरी कळत नाही. जखम सडली की बोट, मग पाऊल, मग पाय कापायची वेळ येते. म्हणून:

• अनवाणी चालायचं नाही, घरातही नाही. चपलेत खडा, चूक आहे का ते हाताने चाचपून मगच पाय घालायचा.
• पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी किंवा तापवलेली वीट नको.
• कुरूप ब्लेडने कापायचं नाही.
• छोटी जखमही दोन दिवसांत सुकली नाही तर दवाखाना.

शुगर एकदम खाली जाणं हे वर जाण्याइतकंच धोक्याचं आहे. गोळी घेतली आणि जेवण राहिलं, की दरदरून घाम, हातपाय थरथरणं, गोंधळल्यासारखं बोलणं सुरू होतं. शेजारी म्हणतात, "बाबा आज पिऊन आले का?" अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात घोळवून द्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या, मग जेवू घाला. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

आणखी एक खूण घरातल्या पोरांनाही शिकवून ठेवा. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात वर राहत नाही, बोलणं समजत नाही, म्हणजे मेंदूचा झटका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत दिलं तरच उपयोगी पडतं. म्हणून त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवायचं आणि थेट मोठ्या रुग्णालयात न्यायचं. मालिश, लिंबू, झाडपाला यांत तास घालवायचे नाहीत. शुगरवाल्या माणसाला हार्टअटॅक आला तरी कधी कधी छातीत दुखत नाही, नुसता दम लागतो आणि घाम फुटतो, हेही ध्यानात असू द्या.

पाणी, संडास आणि पडणं

आता एका अशा गोष्टीविषयी लिहिते, जी डॉक्टरांच्या चिठ्ठीत कधी येत नाही. वस्तीतल्या बहुतेक आज्या दुपारी चारनंतर पाणी पीत नाहीत. का? सार्वजनिक संडास गल्लीच्या टोकाला. रात्री दिवा नाही, कुत्री असतात, लादी निसरडी, आत धरायला काही नाही. गुडघे दुखतात, उकिडवं बसलं की उठवत नाही. सुनेला रात्री उठवायचं तर तिला पहाटे कामाला जायचं असतं. म्हणून आजी पाणीच पीत नाही. त्यातून लघवीची जळजळ, बद्धकोष्ठ, चक्कर, आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली बसून उष्माघात. घरचे म्हणतात आजीला वयामुळे अशक्तपणा आला. खरं कारण तो संडास आहे.

यावर औषध म्हणून बाटली देऊन काय होणार? रात्रीसाठी घरात झाकणाचं भांडं ठेवा, त्यात लाज नाही. मधे भोक पाडलेली खुर्ची किंवा कमोड खुर्ची मोरीत ठेवता येते. वस्तीने मिळून नगरसेवकाकडे, वॉर्ड ऑफिसात, गावात ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्यावा: सार्वजनिक संडासात निदान एक कमोडची जागा, भिंतीला धरायला लोखंडी दांडा, आत-बाहेर दिवा आणि वाटेवरची फुटकी लादी दुरुस्त. अर्जाची पोच घ्या. पाण्यासाठी चवदार तळ्याचा सत्याग्रह करणाऱ्यांची आपण लेकरं. संडासाच्या दांड्यासाठी अर्ज करायला आपल्याला कमीपणा वाटायचं कारण नाही.

पडणं म्हातारपणी फार महागात जातं. खुब्याचं हाड मोडलं की महिनोन्महिने अंथरूण, मग छातीत कफ, पाठीला जखमा. घरात पडायच्या जागा ठरलेल्या असतात: मोरीचा उंबरा, पोटमाळ्याची शिडी, ओली लादी, सरकणारं पायपुसणं. म्हाताऱ्या माणसाला पोटमाळ्यावर झोपवू नका. मोरीत खरखरीत पट्टी लावा, रात्री एक छोटा दिवा सुरू ठेवा. झोपेतून उठताना आधी कुशीवर, मग बसून मिनिटभर थांबून, मग उभं राहायचं. एकदम उठलं की बीपी खाली जातं आणि चक्कर येते. ज्यांना पुनर्वसनाच्या इमारतीत सातव्या मजल्यावर घर मिळालं आहे, त्यांच्या लिफ्टचं बघा. लिफ्ट बंद म्हणून महिनोन्महिने खाली न उतरलेली म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. ती दवाखान्यात जात नाहीत, विहारात येत नाहीत, ऊनसुद्धा त्यांना मिळत नाही.

खाणं, मीठ आणि मशेरी

आपल्या घरात आजी सगळ्यात शेवटी जेवते. उरलं तर भाजी, नाहीतर चहात चपाती बुडवून. दात गेले म्हणून डाळीचं पाणी आणि भात. याने पोट भरतं पण अंगात ताकद राहत नाही, दंडाचं मांस झडतं. म्हाताऱ्या माणसाला खाणं थोडं पण दमदार लागतं. घट्ट वरण, मोडाच्या मटकीची शिजवून मऊ केलेली उसळ, उकडलेलं अंडं, ताज्या मासळीचा रस्सा, शेंगदाण्याचा कूट घातलेली पालेभाजी, नाचणीची आंबील. दूध परवडत नसेल तर ताक, नाचणी, तीळ. तीन वेळा पोटभर जमत नसेल तर पाच वेळा थोडं थोडं द्या.

मिठाचं मात्र कडक बघा. दिवसभरात सगळं मिळून एक लहान चमचा, म्हणजे पाच ग्रॅमपेक्षा कमी. वरून मीठ घ्यायचं नाही. सुकट, सुके बोंबील, खारा मासा, पापड, लोणचं, फरसाण यांत मीठ ठासून भरलेलं असतं. बीपीवाल्याने सुकट खायचीच झाली तर दोन-तीन पाण्यांत भिजवून धुऊन, आणि तीही कधीतरी.

मशेरीविषयी आपण बोलत नाही, कारण ती आपल्या आया-आज्यांची सवय आहे. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. त्याने दात घट्ट होत नाहीत, हिरड्या सुटतात आणि तोंडाचा कॅन्सर होतो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा फोड, तोंड कमी उघडणं, यांतलं काहीही दिसलं तर लगेच दाखवा. ऐंशीच्या आजीची मशेरी सुटणं कठीण आहे हे मला ठाऊक आहे. निदान ती नातीच्या हाताने दुकानातून आणवू नका, म्हणजे सवय पुढच्या पिढीत जाणार नाही.

सुई, लाल गोळी आणि पुडी

गुडघे दुखले की मेडिकलमधून दोन गोळ्या, नाहीतर गल्लीतल्या डॉक्टरकडे सुई. दुखणं थांबतं, म्हणून रोज तेच. या दुखण्याच्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या की पोटात व्रण होतात, बीपी वाढतं आणि किडनी खराब होते. बीपी, शुगर असलेल्याला धोका आणखी जास्त. सांधेदुखीवर 'खात्रीचा इलाज' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. पहिल्या आठवड्यात माणूस पळायला लागतो आणि काही महिन्यांनी तोंडावर सूज, शुगर वर, हाडं पोकळ. गुडघ्यासाठी खरा उपाय कंटाळवाणा आहे: खुर्चीवर बसून पाय सरळ करून दहा आकडे मोजायचे, दिवसातून तीन वेळा दहा-दहा वेळा. वजन थोडं कमी, जमिनीवर बसणं कमी, हातात काठी. काठी धरायला आपल्या बाबांना लाज वाटते. पडून खुबा मोडण्यापेक्षा काठी बरी, हे त्यांना नातवाकडून सांगा.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी करून घ्या. म्हाताऱ्या माणसाला टीबीत ताप येतोच असं नाही. कधी नुसतं वजन घटतं आणि भूक मरते. तपासणी आणि औषध मोफत आहे, आणि उपचार सुरू असेपर्यंत पोषणासाठी महिना १,००० रुपये खात्यावर जमा होतात.

डोळे, कान, विसर आणि मन

वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचं वाचन चालतं. मागे बसलेल्या बाबांना ऐकू येत नाही आणि आजीला अक्षर दिसत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी रुग्णालयात मोफत होतं, आणि बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. "पिकू द्या, मग बघू" म्हणत थांबायची गरज नाही. कानाचं तर घरच्यांना वाटतं की बाबा मुद्दाम ऐकत नाहीत. मग कुणी बोलत नाही, आणि न बोलता माणूस आतून खचतो.

सारखं तेच विचारणं, ओळखीच्या गल्लीत वाट चुकणं, पैसे कुणीतरी चोरले असा संशय घेणं, हा नुसता म्हातारचळ नाही. तो मेंदूचा आजार असू शकतो, आणि कधी थायरॉइड किंवा बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही तसं होतं. तपासायला हवं. अशा माणसावर ओरडून उपयोग नाही, आणि त्याला बाहेरची बाधा समजून भगताकडे नेणं तर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराला शोभत नाही. जोडीदार गेल्यावर जेवण टाकणं, झोप न येणं, "आता कशाला जगायचं" म्हणणं, हेही आजारच आहे. १४४१६ या टेलिमानसच्या मोफत नंबरवर कोणत्याही वेळी बोलता येतं.

अंथरुणाला खिळलेलं माणूस आणि त्याची सेवा

विनयपिटकात एक प्रसंग येतो. पोटाच्या विकाराने आजारी असलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडलेला होता आणि बाकीचे भिक्खू त्याच्याकडे लक्ष देत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं, स्वतः त्याला धुतलं, दोघांनी मिळून उचलून मंचावर निजवलं. मग संघाला बोलावून समज दिली की आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा समजा. तिथेच सेवा करणाऱ्याचे गुणही सांगितले आहेत: औषध तयार करता येणं, काय मानवतं आणि काय नाही ते कळणं, लोभापायी नव्हे तर मैत्रीने सेवा करणं, मलमूत्राची, ओकारीची किळस न वाटणं, आणि आजाऱ्याला धीर देता येणं. मी नर्सिंगचा डिप्लोमा केला तेव्हा जाड पुस्तकांतून जे शिकले, त्याचा गाभा यात आहे.

आता घरात बघा. ही सेवा कोण करतं? सून. नाहीतर नोकरी सोडून बसलेली मुलगी. मुलगा संध्याकाळी येऊन विचारतो, "आई जेवली का?" आणि मोबाईल उघडतो. बुद्धांनी घाण साफ करायला कुणा बाईला बोलावलं नाही. स्वतः केलं. ज्या घरात तसबिरीपुढे रोज मेणबत्ती लागते, त्या घरातल्या पुरुषाने आईचं अंथरूण बदलायला लाजू नये. आठवड्यातला निदान एक दिवस आणि रोजची एक पाळी त्याची असायला हवी. सून आजारी पडली तर म्हातारीचंही कुणी उरत नाही.

सेवेच्या चार गोष्टी पक्क्या करा. दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर कंबर, टाच, खुबा इथे जखमा होतात. कातडी लाल दिसली तर ती चोळू नका, तिथला दाब काढा. भरवताना उशीला टेकवून बसतं करा, आडवं ठेवून भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो. लघवी-संडासानंतर लगेच पुसून कोरडं करा. आणि बोलत राहा. अंगाला हात लावायच्या आधी "आई, आता कूस बदलते" एवढं सांगितलं तरी माणसाची अब्रू राहते.

हक्काचं आहे, मागून घ्या

• वय ७० पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत भरती उपचार मोफत आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरपासून 'वयवंदना' कार्ड निघतं. आधार लागतं. हे कार्ड भरती झाल्यावरच्या खर्चासाठी आहे, रोजच्या गोळ्यांसाठी नाही. आजारी पडण्याआधीच काढून ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड नीट ठेवा.
• ६५ वर्षांवरील निराधार, ज्यांचं कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत आहे, त्यांना श्रावणबाळ योजनेतून महिना १,५०० रुपये मिळतात. विधवा, अपंग, दुर्धर आजारी यांच्यासाठी ६५ च्या आधी संजय गांधी निराधार योजना आहे. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की पैसे बंद होतात आणि आजीला वाटतं सरकारने योजनाच बंद केली.
• मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील व्यक्तीला चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये खात्यावर मिळतात. कुटुंबाचं उत्पन्न २ लाखांच्या आत हवं.
• एसटीत ६५ च्या पुढे अर्धं तिकीट, ७५ च्या पुढे मोफत. दूरच्या रुग्णालयात जाताना उपयोगी पडतं.
• मुलं बघत नसतील तर २००७ च्या कायद्याखाली ६० वर्षांवरील आईवडिलांना उपविभागीय अधिकाऱ्यांकडे पोटगीचा अर्ज करता येतो. वकील लागत नाही. महिना १०,००० रुपयांपर्यंत पोटगी ठरू शकते. झोपडी किंवा पुनर्वसनातलं घर मुलाच्या नावावर करताना "माझा सांभाळ करायचा" ही अट कागदावर लिहून घ्या. तशी अट असेल आणि सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. माहिती आणि मदतीसाठी १४५६७ हा ज्येष्ठांचा मोफत नंबर आहे.

आयुष्यभर सिमेंट, फिनेल आणि राख हाताळून आपल्या म्हाताऱ्यांच्या बोटांचे ठसे पुसट झालेले असतात. रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही, आणि दुकानदार "उद्या या" म्हणतो. परत येऊ नका. डोळ्यांची खूण किंवा मोबाईलवर ओटीपी, हे मार्ग मागा. दिलं नाही तर पुरवठा कार्यालयात लेखी तक्रार करा. आधार केंद्रात जाऊन ठसे नव्याने घेऊन बघा, मोबाईल नंबर जोडून ठेवा.

आणि दवाखान्यात कुणी "वय झालं आता, घरी न्या" म्हणालं तर तसं मुकाट्याने परतू नका. एका मोठ्या रुग्णालयात एका आजीला असंच परत पाठवलं होतं. वस्तीतल्या चार बायका तिच्यासोबत पुन्हा गेल्या, "काय आजार आहे ते केसपेपरवर लिहून द्या" एवढंच म्हणाल्या. तपासणी झाली, न्यूमोनिया निघाला, आठ दिवसांत आजी चालत घरी आली. वय हा आजार नाही. केसपेपरवर निदान लिहून मागणं हा तुमचा अधिकार आहे.

विहाराने काय करावं

चांगलं डिजिटल बीपी मशीन दोन-अडीच हजारांच्या आसपास येतं, शुगर तपासायचं छोटं मशीन त्याहून स्वस्त. जयंतीच्या वर्गणीतून एका रात्रीच्या डीजेवर आपण किती खर्च करतो ते प्रत्येक समितीला माहीत आहे. त्यातला थोडासा भाग काढला तरी वस्तीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांचं वर्षभर बीपी बघता येईल. कसं करायचं ते सांगते.

१. दिवस: दर पौर्णिमा. वंदनेला माणसं येतातच. वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तर रोज संध्याकाळी येतात.

२. माणसं: आपल्या समाजातून नर्स झालेल्या, नर्सिंग शिकणाऱ्या मुली जवळपास प्रत्येक वस्तीत आहेत. दोघी-तिघींनी पाळ्या लावाव्यात. आशाताईंना बोलवावं. औषध आपण द्यायचं नाही. मोजायचं, लिहायचं आणि दवाखान्यात पाठवायचं.

३. मोजणं: दंडाला बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. मोजण्याआधी पाच मिनिटं खुर्चीवर टेकून शांत बसवा, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मशेरी नको. दोनदा मोजा. शुगरसाठी प्रत्येकाला नवी सुई, वापरलेली सुई जाड डब्यात जमा करून दवाखान्यात द्या.

४. वही: नाव, वय, जवळच्या नातेवाइकाचा फोन, आजार, चालू गोळ्या, बीपी-शुगरचा आकडा, वयवंदना कार्ड आहे का, पेन्शन सुरू आहे का. ही वही एकीकडेच राहील. कुणाचा आकडा माईकवर सांगायचा नाही.

५. न आलेले: वहीत नाव आहे पण दोन पौर्णिमा आले नाहीत, त्यांच्या घरी कुणीतरी जायचं. बऱ्याचदा तिथेच खरी गरज असते. एकटं राहणाऱ्यांच्या घरी रोज सकाळी एक हाक मारायची जबाबदारी शेजारच्या घराला वाटून द्या.

६. बसायला खुर्च्या: गुडघ्यांमुळे जमिनीवर बसता येत नाही म्हणून कितीतरी बाया विहारात यायच्या थांबल्या आहेत. मागच्या रांगेत दहा खुर्च्या ठेवा, पायरीला दांडा लावा. वंदना खुर्चीवर बसूनही होते.

७. प्रवासाची तयारी: ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर आपले म्हातारे हट्टाने जातात, आणि जावंच. पण रांगेत तासन्‌तास उभं राहताना शुगरवाल्याच्या पिशवीत भाकरी-चटणी, साखरेची पुडी, पाणी आणि चार दिवसांच्या गोळ्या हव्यात. खिशात नाव, आजार आणि घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी हवी. वस्तीच्या गटात प्रत्येक ज्येष्ठासोबत एक तरुण नेमून द्या.

हे सगळं एका दिवसात होणार नाही. येत्या पौर्णिमेला फक्त वही आणि मशीन घेऊन बसा. पहिल्या दिवशी दहाच माणसं आली तरी चालतील. त्यातल्या एखाद्याचं बीपी १९० निघेल आणि तो म्हणेल, "मला तर काहीच होत नाही." त्याला दुसऱ्या दिवसावर सोडू नका. थोड्या वेळाने पुन्हा मोजा, तेवढंच आलं तर कुणीतरी सोबत घेऊन त्याच दिवशी दवाखान्यात न्या. महिन्याभराने तो गोळी घेऊन, १४० च्या खाली आकडा घेऊन परत येईल तेव्हा वहीत तारीख टाकून लिहा. विहार बांधताना ज्यांनी डोक्यावरून घमेली वाहिली, त्यांच्यासाठी तेवढं काम आपल्याला जमण्यासारखं आहे.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.